इफ्तारची केळी आगाशीची का नाहीत?

रमजानमध्ये मगरिबच्या अर्धा तास आधी विरार-नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही मशिदीत डोकावून बघा. दस्तरखान अंथरलेला असतो, पोरं ताटल्या मांडत असतात. खजूर, पपई, कलिंगड, भजी आणि केळं. खजूर अरबस्तानातून किंवा इराणातून आला तर नवल नाही, तो इथे पिकतच नाही. पण केळं? विरार स्टेशनपासून पाचएक किलोमीटरवर आगाशी आहे, आणि आगाशीचं नावच केळ्यांनी झालं. तरी आपल्या ताटातलं केळं बहुतेक वेळा लांबून ट्रकमधून आलेलं आणि वखारीत पिकवलेलं असतं.

आगाशीची सुकेळी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खाल्ली असतील. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कडक उन्हात काही दिवस वाळवायची, रात्री झाकून ठेवायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळायची. साखर नाही, मसाला नाही. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनेही आगाशीच्या या सुक्या केळ्यांची दखल घेतली आहे. आज सुकेळी करणारी घरं कमी उरलीत. राजेळीला जास्त दिवस लागतात, पाणी जास्त लागतं, वाळवण्यात मेहनत फार, आणि गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही.

ही ‘खात्री नाही’चीच गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

वसईच्या वाड्यांचा माल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे गेला. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून भाजी, पानं आणि फुलं दादरपर्यंत जायची, आजही जातात. म्हणजे इथला शेतकरी मुंबईसाठी पिकवतो आणि इथला रहिवासी नाशिक-वाशीकडून आलेली भाजी खातो. दोघांची गाठच पडत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा हे उघडं पडलं. माल न्यायला गाडी नाही म्हणून वाडीवाले अडचणीत, आणि काही किलोमीटरवरच्या इमारतींत लोक भाजीसाठी रांगेत. त्या वर्षी २५ एप्रिलला रमजान सुरू झाला.

दुसरीकडे जमीनही हातातून जात आहे. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्यासाठी सिडको नियोजन प्राधिकरण झालं, २००९ मध्ये महानगरपालिका आली. विहिरींतून टँकर भरून पाणी विकलं गेलं, बावखलं बुजली. (बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरींना जिवंत ठेवणारं. नव्या मुलांना हा शब्दच माहीत नाही.) समुद्र जवळ असल्यामुळे गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत सरकतं आणि केळीला खारं पाणी सोसत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं होतं. पण नुसत्या विरोधाने वाडी टिकत नाही. वाडी परवडली तर टिकते. आणि परवडायला हवी तर घेणारा आधी ठरलेला हवा.

इथे आपल्या जमातीकडे एक ताकद आहे, जिच्याकडे आपण ताकद म्हणून बघतच नाही. हिशोब करून बघा. एका मशिदीत रोज २०० रोजेदार इफ्तारला बसतात असं धरू. माणशी एक केळं म्हटलं तरी ३० दिवसांत ६,००० केळी, म्हणजे ५०० डझन. एका घडाचे दहा डझन धरले तर ५० घड. हे फक्त केळ्यांचं. कांदा, कोथिंबीर, पुदिना, मिरची, पपई वेगळी. आणि ही मागणी अंदाजपंचे नाही, तारीखवार ठरलेली आहे. कुठल्या दुकानदाराला वर्षभर आधी माहीत असतं की अमक्या महिन्यात रोज दोनशे माणसं हमखास येणार?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यावर. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होईल. वसईच्या वाड्यांसाठी हाच भराचा काळ. पावसानंतर विहिरींत गोडं पाणी असतं, मेथी, पालक, मुळा, वांगी जोरात येतात. एप्रिल-मेमधल्या रमजानला ही सोय नव्हती. पुढची काही वर्षं चंद्राचं कॅलेंडर आणि वाडीचं कॅलेंडर जुळून आलंय, ते वाया घालवू नये.

मग करायचं कसं? जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांना घाबरलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. त्याला तिथे ‘तेइकेइ’ म्हणतात. तुम्ही पिकवा, आम्ही ठरलेल्या भावाने घेऊच, असा त्याचा गाभा. आपल्याला मात्र इतकं लांब जायची गरज नाही. मदिनेत लोक खजुराचे पैसे एक-दोन वर्षं आधी देऊन ठेवायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते बंद केलं नाही, उलट नियम घालून दिला की माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी. यालाच फिकहमध्ये ‘सलम’ म्हणतात. त्यातली एक अट फार व्यवहारी आहे: सौदा ठरावीक झाडाच्या किंवा एकाच बागेच्या फळाचा नसावा, ठरलेल्या जातीच्या आणि प्रतीच्या मालाचा असावा. म्हणजे एकाची बाग वादळात पडली तर तो शेजाऱ्याकडून माल घेऊन शब्द पाळू शकतो. याचा अर्थ एकट्या शेतकऱ्यापेक्षा चार-पाच वाडीवाल्यांच्या गटाशी बोलणं सोयीचं. सलमच्या काही अटींत हनफी आणि शाफई तपशिलात फरक आहेत, आणि आपल्या भागात दोन्ही मसलकांचे लोक आहेत. तेव्हा कागद करण्याआधी उलमांना दाखवावा. कायद्याची अडचण नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, त्यामुळे थेट खरेदी करता येते.

पण एक महिना घेऊन अकरा महिने गायब, असं गिऱ्हाईक कुणाला नको असतं. म्हणून हे काम एकट्या जमातीचं नाही. आगाशी आणि आसपासच्या वाड्या वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती कुटुंबांच्या. त्यांच्याकडे नवरात्राचे उपवास आहेत, नाताळ आहे, चर्चचे सण आहेत. आगाशीत जैन तीर्थ आहे, तिथे यात्रेकरू येत असतात. या सगळ्यांची मागणी एका वहीत महिनावार लिहिली तर शेतकऱ्याला वर्षभराचं चित्र मिळेल. आपले वलीमे आणि जकातीतून दिली जाणारी रेशन किटं त्याच वहीत यावीत. किटमधला तांदूळ वाड्याचा कोलम का नसावा? आपल्याच जिल्ह्यातला आहे, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. महाग पडतो हे खरं, म्हणून सगळ्या नाही तर निदान ईदच्या किटमध्ये.

शाळाही यात हव्यात, हे आम्ही शिक्षक म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा असं सांगण्यात आलं. लोकसहभाग म्हणजे कोण? आपणच. ज्या वाडीशी मशिदीचा सौदा झालाय, तिथूनच शाळेचं आठवड्याचं केळं आलं तर वाहतूक एकच.

बायकांशिवाय मात्र हे चालणार नाही. कमिटीत बसतात पुरुष, पण कोथिंबीर किती लागते हे त्यांना कुठे ठाऊक! केरळात १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुडुंबश्रीच्या बायकांनी गट करून खंडाने जमिनी कसल्या. आपल्याकडे सुरुवातीला यादी करणं, प्रत तपासणं आणि उरलेली केळी वाळवणं एवढं बचत गटाकडे दिलं तरी पुष्कळ.

वेळेचं गणित सोपं आहे. फेब्रुवारीतल्या इफ्तारची भाजी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पेरावी लागते, म्हणून वाडीवाल्यांसोबतची पहिली बैठक सप्टेंबरमध्ये व्हायला हवी. केळीला लागवडीपासून घड हाती यायला वर्षभर लागतं, राजेळीला त्याहून जास्त. तेव्हा २०२७ साठी आज उभ्या असलेल्या केळीतूनच काय मिळेल ते बोलावं लागेल. २०२८ च्या इफ्तारला खजुराशेजारी सुकेळं हवं असेल, तर राजेळीचे मुनवे त्याच्या वर्षभर आधीच जमिनीत गेलेले असावे लागतील.