वैद्यकीय प्रवेशाची अनामत रक्कम : बांधिलकीची कसोटी की ऐपतीची?

एमबीबीएस अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आपल्या देशात 'नीट' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. २०२० पासून एम्स आणि जिपमर या संस्थांचे प्रवेशही याच परीक्षेच्या आधारे होऊ लागले. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले होते. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यामुळे चर्चा होते ती मुख्यतः गुणांची. परंतु गुणवत्ता यादी आणि महाविद्यालयाचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो. ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम भरण्याचा हा टप्पा सधन कुटुंबाच्या लक्षातही राहत नाही. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबाची मात्र तेथे खरी परीक्षा होते.

अनामत रकमेचे स्वरूप

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. या जागांचे, तसेच केंद्रीय संस्था व अभिमत विद्यापीठे यांतील जागांचे वाटप आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या अखत्यारीतील वैद्यकीय समुपदेशन समिती करते. २०२४ च्या प्रवेशप्रक्रियेत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवारास १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि १०,००० रुपये अनामत भरावी लागत होती. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांसाठी याच रकमा अनुक्रमे ५०० व ५,००० रुपये होत्या. अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी शुल्क ५,००० रुपये व अनामत २ लाख रुपये होती. तेथे प्रवर्गानुसार सवलत नव्हती.

नोंदणी शुल्क परत मिळत नाही. अनामत मात्र नियमांचा भंग न झाल्यास परत मिळते. हा परतावा ज्या खात्यातून भरणा झाला त्याच खात्यात जमा होतो. घरी ऑनलाइन भरण्याची सोय नसल्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा सायबर कॅफेचालकाच्या खात्यातून पैसे भरणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

अनामत का घेतली जाते?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने वैद्यकीय शिक्षणाची जागा ही नाशवंत वस्तू आहे. प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर रिक्त राहिलेली जागा पुढच्या वर्षी वापरता येत नाही. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता असा हा अभ्यासक्रम असल्याने प्रत्येक रिक्त जागेमागे समाज एका भावी डॉक्टरास मुकतो.

दुसरीकडे केंद्राची प्रक्रिया आणि राज्यांच्या प्रक्रिया समांतर चालतात. साहजिकच एकाच उमेदवाराने दोन-तीन जागा धरून ठेवावयाच्या आणि अखेरीस एक निवडावयाची, असा प्रकार घडू शकतो. जागा अडवणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो गुणवत्ता यादीत त्याच्या खालोखाल असणारा विद्यार्थी. अनामत जप्त होण्याची भीती ही किंमत मूळ निर्णय घेणाऱ्यावर टाकते.

म्हणूनच फेरीगणिक नियम कडक होत जातात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारल्यास अनामत जप्त होत नाही. दुसऱ्या फेरीपासून मात्र जागा नाकारणे म्हणजे अनामत गमावणे होय. शेवटच्या रिक्त जागांच्या फेरीत जागा मिळूनही रुजू न होणाऱ्यास अनामत तर गमवावी लागतेच, शिवाय पुढील परीक्षेस मुकावे लागण्याची तरतूदही अलीकडच्या वर्षांत करण्यात आली.

रोकड आणि गुणवत्ता

येथेच या व्यवस्थेची मर्यादा उघड होते. अनामत एकाच वेळी दोन गोष्टींची परीक्षा घेते. उमेदवार प्रवेशाबाबत गंभीर आहे का, ही पहिली; आणि त्याच्या कुटुंबाकडे आज रोकड आहे का, ही दुसरी. पहिली परीक्षा आवश्यक आहे. दुसरीचा वैद्यकीय गुणवत्तेशी कोणताही संबंध नाही. दहा हजार रुपये ही एका कुटुंबाच्या लेखी किरकोळ रक्कम असेल. दुसऱ्यासाठी ती महिन्याची संपूर्ण कमाई असते. दोघांची बांधिलकी समान असली तरी भार समान राहत नाही.

रक्कम परत मिळणार असली तरी ती विनामूल्य नसते. समजा, एखाद्या पालकाने २ लाख रुपये सावकाराकडून दरमहा ३ टक्के व्याजाने घेतले आणि परतावा तीन महिन्यांनी मिळाला, तर केवळ व्याजापोटी १८,००० रुपये खर्च होतील. कागदोपत्री अनामत 'परतावायोग्य'च राहील.

बँकेचे शैक्षणिक कर्जही या टप्प्यावर सहसा उपयोगी पडत नाही, कारण बँक प्रवेशपत्र मागते आणि अनामत तर जागा मिळण्यापूर्वीच भरावी लागते. कर्ज आणि अनामत यांच्या वेळापत्रकातील ही तफावत हा या प्रश्नाचा गाभा आहे.

न्यायालयाची भूमिका

अभियांत्रिकी प्रवेशातील एक प्रकरण या संदर्भात मार्गदर्शक आहे. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलास २०२४ मध्ये आयआयटी धनबाद येथे जागा मिळाली. जागा स्वीकारण्यासाठी १७,५०० रुपये २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरावयाचे होते. पैसे जमेपर्यंत मुदत संपली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून, इतर कोणाच्या प्रवेशास धक्का न लावता अतिरिक्त जागा निर्माण करून त्यास प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०२१ मध्येही ऑनलाइन भरणा अयशस्वी झाल्याने आयआयटी मुंबईतील जागा गमावलेल्या विद्यार्थ्यास न्यायालयाने असाच दिलासा दिला होता. तथापि अनुच्छेद १४२ हा अपवादात्मक उपाय आहे. दिल्लीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी तो धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

जागा अडवण्याच्या प्रकारांची दखलही न्यायालयाने घेतली आहे. २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासंदर्भात न्यायालयाने केंद्र व राज्यांच्या फेऱ्यांचे समन्वित वेळापत्रक, समुपदेशनापूर्वी सर्व शुल्काची घोषणा आणि जागा अडवणाऱ्यांवर अनामत जप्तीसह कारवाई असे निर्देश दिले.

साहाय्याचे मार्ग

प्रवेश निश्चित झाल्यानंतरच्या खर्चासाठी काही योजना आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास ७५ टक्के पतहमी असते. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती कालावधीत ३ टक्के व्याज सवलत दिली जाते.

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र व राज्ये ६०:४० या प्रमाणात उचलतात. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांस 'फ्रीशिप कार्ड'द्वारे शुल्क आगाऊ न भरता प्रवेश मिळावा, अशी तरतूद तीत आहे. 'आधी प्रवेश, नंतर शुल्क' हे तत्त्व शासनाने येथे मान्य केले आहे. तेच अनामतीलाही लागू करता येईल. उत्पन्नाचा दाखला असलेल्या उमेदवारास रोख रकमेऐवजी हमीपत्राची मुभा द्यावी. त्याने जागा अडवल्यास पुढील फेऱ्यांतून अपात्र ठरवावे. बांधिलकी तपासली जाईल आणि रोकड आडवी येणार नाही.

तोपर्यंत विद्यार्थ्यांनी निकालाची वाट न पाहता उत्पन्नाचा व जातीचा दाखला, स्वतःच्या किंवा पालकांच्या नावे ऑनलाइन भरणा करता येईल असे बँक खाते आणि अनामतीपुरती बचत यांची तयारी आधीच करावी. भरणा शेवटच्या तासावर ठेवू नये. अनामतीचा हेतू रास्त आहे. पण जी व्यवस्था जागा वाया जाऊ नये म्हणून निर्माण झाली, तिच्यामुळे गुणवत्ताच वाया जाऊ लागली तर तिचा फेरविचार करणे क्रमप्राप्त ठरते.