जाताना नऊ तास, येताना सव्वासात!

दादरहून लोकलने चर्चगेटला जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच परत यायलाही लागतो. मग मुंबईहून विमानाने लंडनला जायला जास्त वेळ आणि परत यायला कमी वेळ का लागावा?

प्रथम अंतर मोजू. सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडली, तर रेषा इराकवरून जाते. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा इराकच्या बराच उत्तरेला, कॉकेशसच्या डोंगराळ भागावरून जाईल. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच; तो बृहद्वृत्ताचा भाग असतो. पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरेल. अशा गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. म्हणजे अंतर झाले सुमारे ७,२०० किलोमीटर. नेमून दिलेल्या हवाई मार्गांमुळे विमानाला प्रत्यक्षात थोडे अधिक अंतर कापावे लागते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे होते. आजची जेट विमाने न थांबता जातात.

आता वेळेकडे वळू. काही विद्यार्थी म्हणतील, “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर लंडन आपणहून येईल!” असे होत नाही. धावत्या लोकलच्या डब्यात तुम्ही पुढे चाला की मागे, वेळ सारखाच लागतो. कारण डब्याबरोबर तुम्हीही धावत असता. तसेच पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातले विमानही फिरत असते.

खरे कारण आहे वारा. उष्ण प्रदेशातली तापलेली हवा उंचावरून ध्रुवांकडे सरकते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. त्यामुळे सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना ‘झोतवारे’ म्हणतात. हिवाळ्यात ते उत्तर भारतावर विशेष जोरात असतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

नदीतल्या नावेचे गणित तुम्ही सोडवले असेलच. तेच इथे वापरू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाटेतला सरासरी वारा ताशी १०० किलोमीटर समजा. जाताना वेग ८००, म्हणून वेळ ९ तास. येताना वेग १,०००, म्हणून ७ तास १२ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून १६ तास लागले असते; आता १६ तास १२ मिनिटे लागतात. म्हणजे जाताना जेवढे गमावले तेवढे येताना परत मिळत नाही! कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ असते.

मात्र वेळापत्रक वाचताना फसू नका. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले आपले विमान लंडनला तिथल्या सायंकाळी ५.३० वाजता उतरेल. सकाळी १० वाजता लंडनहून निघालेले विमान मुंबईत रात्री १०.४२ वाजता पोचेल. घड्याळे म्हणतात, जाताना साडेतीन तास आणि येताना पावणेतेरा! दोन्ही वेळा एकाच शहराच्या घड्याळात मांडल्या, की खरा हिशेब लागतो.

आता तुम्हीच सोडवा: वारा ताशी ३०० किलोमीटर असता, तर जाऊन येऊन किती तास लागले असते?