भोंगा, नळ आणि शिकेकाई

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मराठी बायकांच्या प्रसाधनात काय बदलले, याचे उत्तर बहुधा जाहिरातींत शोधले जाते. शिकेकाई मागे पडली, साबण आला. हळद आणि साय मागे पडली, चेहऱ्याला लावायचा स्नो आला, अशी ती सरळ कथा. तिला पुरावाही आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि त्या पिढीच्या मराठी वाचकांना कामिनिया ऑइलसारख्या केशतेलांच्या जाहिराती परिचयाच्या होत्या. ज्या गोदरेजांनी १८९७ मध्ये लालबागला कुलुपे बनवायला सुरुवात केली, त्यांनीच पुढे १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. १९१९ मध्ये मुंबईच्याच पाटणवालांचा अफगाण स्नो आला. नवी प्रसाधने अशी गिरणगावाच्या शेजारीच तयार होत होती. तरीही लोअर परळच्या चाळींकडे पाहिले की ही कथा अपुरी वाटते. बाईच्या केसांचे आणि कातडीचे काय होणार हे तिथे जाहिरातीने ठरले नाही. ते वेळ, पाणी आणि आडोसा या तीन गोष्टींनी ठरवले, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या उपचारांना काय काय लागे ते आधी पाहू. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, कुस्करून गाळायची. शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो आणि तेलकटपणा निघतो. पण त्याचा चोथा केसांत अडकतो, आणि तो काढायला भरपूर पाणी लागते. त्याआधी खोबरेल तेल जिरवायचे, नंतर केस वाळवायचे, बारीक दातांच्या फणीने उवा-लिखा काढायच्या, मग वेणी किंवा अंबाडा. अंगाला हरभऱ्याचे किंवा मसुराचे पीठ, आंबेहळद. दिवाळीला वाळा, नागरमोथा, गव्हला कचरा यांचे उटणे. यांतली एकही वस्तू फार महाग नाही. महाग आहे ती सकाळ: निवांत, भरल्या हंड्याची आणि दार लावता येणारी.

गिरणीतल्या बाईकडे नेमकी तीच नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता आणि त्यांतल्या बहुतेक वाइंडिंग व रीलिंग खात्यांत होत्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने त्यांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. १९३४ च्या कायद्याने ती १० वर आणली. हा दिलासा धरूनही स्वयंपाक, पाणी आणि मुले उरत होतीच. सूत गुंडाळताना उडणारे तूस केसांत आणि मानेवर बसे, म्हणजे इतरांपेक्षा जास्त धुण्याची गरज असलेल्या बाईलाच धुण्याची सवड सर्वांत कमी. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने डिलाईल रोडवर बांधलेल्या बीडीडी चाळींतही एकाच खोलीत संसार आणि मजल्यावर सामाईक संडास. तिथे न्हाणे हा नळाच्या वेळेचा आणि शेजाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न होता.

यावर पहिला आक्षेप असा की, पोटाची भ्रांत असलेल्या बाईला सौंदर्याचे काय? हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. मेणावर कोरलेले कुंकू, गोंदण, सणाचा गजरा यांना कष्टकरी घरांत मान होता. केसांचा प्रश्न तर कामगार चळवळीच्या पहिल्या पिढीनेच हाती घेतला होता. आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्याच प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. केशवपनाची सक्ती मुख्यतः उच्चवर्णीय घरांतली, तरी ठराव श्रमिकांचा होता. आठवड्याची सुट्टी १८९१ च्या कायद्यात आली. न्हाण्याला निवांत दिवस मिळणे आणि केस राखण्याचा हक्क मिळणे, हे दोन्ही एकाच माणसाच्या कामात एकत्र यावे, हा मला योगायोग वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आवड वरून खाली झिरपते, असे म्हटले जाते. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची नथ, गजरा आणि पातळ नेसण्याची ढब मध्यमवर्गीय बायकांनी उचललीच होती. पण ढब उचलायला आरसा आणि निवांतपणा लागतो. गिरगावातल्या पांढरपेशा बिऱ्हाडात तो निदान दुपारी तरी मिळे. डिलाईल रोडवर गिरणीचा भोंगा आधी वाजे. साबण आणि स्नो यांचा पुढचा विजयही माझ्याच बाजूची साक्ष देतो. साबणाला भिजवणे, उकळणे, गाळणे नको आणि स्नोला तर पाणीही नको. वेळ नसलेल्या शहराला वेळ वाचवणारी वस्तू पटली. मात्र त्या डबीबरोबर गोरेपणाची हावही विकली गेली, आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या तेव्हा नितळ कांती ही पडद्यावरून मिळणारी शिकवण झाली होती.

मग जुने तेच शुद्ध आणि चांगले होते का? तसेही नाही. कुटण्या-वाटण्याचे कष्ट बाईचेच होते, शिकेकाई डोळ्यांत झोंबे, आणि उपवर मुलीला हळद-साय चोळण्यामागे गोऱ्या सुनेची मागणी साबणाच्या आधीपासून उभी होती. बाजाराने हा पूर्वग्रह निर्माण केला नाही, त्याला किंमत लावली.

म्हणून प्रसाधनाचा इतिहास वस्तूंच्या यादीने लिहू नये. कामाचे तास, पाण्याचा नळ आणि खोलीचे क्षेत्रफळ यांच्यासह लिहावा. १९०५ च्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे आणि तिथे जगभरची प्रसाधने मिळतात. त्या जमिनीवर घाम गाळलेल्या बायकांच्या न्हाण्या-माखण्याची नोंद मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही. ती ज्या घरांत अजून सांगितली जाते, त्या घरांनी ती लिहून ठेवावी.