तापी कुठे, लिंबायत कुठे!

सुरतेत बिल्डर 'एलिव्हेशन' म्हणतो तेव्हा त्याला इमारतीचा दर्शनी भाग म्हणायचा असतो: काचा, दगडी पट्ट्या, रात्रीची रोषणाई. ब्रोशरचं पहिलं पान त्याचंच असतं. जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे खरं चौकशी करण्याजोगं एलिव्हेशन, कुठल्याच पानावर नसते. ती विचारायला सांगितली की उत्तर ठरलेलं असतं. जळगावहून इथे नोकरीला आलेला, घर शोधणारा भाचाही परवा तेच म्हणाला, ''मामा, तापी कुठे, लिंबायत कुठे! तिथे कसला पूर?''

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हात जोडावेसे वाटतात. अरे बाबा, पाणी अंतर मोजत नाही, उतार शोधतं. 2006 च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्याच खान्देश-विदर्भाकडे, धुवांधार पाऊस झाला आणि उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. शहरात तापीवरच्या होप पुलाशी धोक्याची पातळी साडेनऊ मीटर. पाणी 12 मीटरच्याही वर गेलं. शहराचा बहुतेक भाग बुडाला, आणि त्यात गच्चीवरूनही नदी दिसत नाही अशा सोसायट्याही होत्या.

बरं, तापी सोडून देऊ. लिंबायत, पर्वत पाटिया या भागांतून खाड्या जातात. त्यातल्या एकीचं नाव मिठी खाडी असलं तरी मनाने नालाच. बारडोली-पलसाणा बाजूच्या शेतांतलं पावसाचं पाणी या खाड्या शहरातून नेतात आणि मिंढोळा नदीत सोडतात. म्हणजे तापीशी संबंधच नाही. वरून पाऊस आणि समोरून भरती अशी गाठ पडली की पाणी मागे फिरतं आणि काठावरच्या सखल गल्ल्यांत शिरतं. सुरतकरांनी त्याला वेगळं नावच दिलंय: खाडीपूर. जून 2025 मध्ये तो आला, तेव्हा उकाईच्या दरवाजांचा त्यात काहीही हात नव्हता. त्यामुळे 'तापी लांब आहे' हे खरंच आहे, पण त्याचा उपयोग शून्य.

मग करायचं काय? साइट इंजिनिअरला प्लिंथची, म्हणजे जोत्याची, 'आर. एल.' (समुद्रसपाटीपासूनची उंची) विचारायची, ती समोरच्या रस्त्याशी आणि खाडीच्या काठाशी ताडून पाहायची. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो आणि प्लिंथ तिथेच राहते, हेही ध्यानात ठेवायचं. आणि नाक्यावरच्या किराणावाल्याला विचारायचं, कुठल्या साली पाणी कितव्या फळीपर्यंत आलं होतं. त्याला ते तोंडपाठ असतं. त्याला काही विकायचं नसतं, एवढाच फरक.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण पिच्छा सोडत नाहीत. 'उकाई झाल्यावर पूर येत नाही': धरण 1972 मध्ये पुरं झालं, 2006 त्यानंतरचंच. 'सातव्या मजल्याला काय भीती': घर कोरडं राहतं, पण पंप, वीजमीटर आणि पाण्याची टाकी बेसमेंटमध्ये असली तर सातव्या मजल्यावर लिफ्ट नाही, दिवा नाही, प्यायला पाणी नाही. 'नवी इमारत म्हणजे मजबूत': सचिनजवळच्या पाली गावात जुलै 2024 मध्ये कोसळलेली सहा मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती, सात जण गेले. 'उंच टॉवर म्हणजे उंच भाव': विमानतळाजवळच्या वेसूतल्या काही इमारतींची उंची विमानांना अडथळा ठरली आणि प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं; तिथे उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासूनच.

राहता राहिली 'हॉलो प्लिंथ'. खाली मोकळं पार्किंग, वर घरं. पुरासाठी उत्तम, हे मान्य. पण सुरत भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येते, आणि नुसत्या खांबांवर उभा असलेला तळमजला हा भूकंपात सगळ्यात कच्चा दुवा. 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत पडलेल्या बऱ्याच इमारती याच घडणीच्या होत्या. म्हणून ते खांब स्ट्रक्चरल इंजिनिअरने भूकंपाचा हिशेब धरून काढलेत का, हे कागदावर मागायचं. भाच्याने मागितलं, तर सेल्सवाल्याने त्याला पुन्हा ब्रोशरचं पहिलं पान दाखवलं.