विल्सन रोगातील मनोविकार व रुग्णपरिचर्या

शरीरातील जादा तांब्याचे उत्सर्जन न झाल्याने ते यकृत, मेंदू व डोळे यांत साचून होणाऱ्या विरळा आनुवंशिक रोगाला विल्सन रोग म्हणतात. ब्रिटिश तंत्रिकावैद्य एस. ए. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले व त्यात मानसिक लक्षणांचीही नोंद केली. १३ व्या गुणसूत्रावरील संबंधित जनुकाचा शोध १९९३ मध्ये लागला.

हा रोग अप्रभावी स्वरूपाचा आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांमुळे, उदा., महाराष्ट्रातील काही समाजांत रूढ असलेल्या मामेबहिणीशी विवाहामुळे, ही शक्यता वाढते. रोग्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणे नसतानाही आवश्यक असते.

लक्षणे बहुधा शालेय वयात किंवा तरुणपणी दिसू लागतात. चिडचिड, अभ्यासात अकस्मात घसरण, विषण्णता, स्वैर वर्तन व क्वचित भ्रम हे विकार कंप, अडखळते बोलणे किंवा कावीळ यांच्या आधीही उद्भवतात. अशा वेळी रोग्यास केवळ वेडसर किंवा बाधित समजले गेल्यास उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात. डोळ्याच्या स्वच्छमंडलाच्या कडेचे तपकिरी-हिरवट कायझर-फ्लायशर वलय, रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन या प्रथिनाचे घटलेले प्रमाण व चोवीस तासांच्या मूत्रातील तांबे यांवरून निदानास मदत होते.

जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामीन हे औषध प्रचारात आणले. ट्रायेंटीन व जस्ताची लवणे ही अन्य औषधे होत. ती जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती थांबविल्यास यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. विषण्णता किंवा संशयग्रस्तता यांमुळे रोगी औषध नाकारतो. म्हणून औषध देण्याची जबाबदारी घरातील एका व्यक्तीने घेणे इष्ट असते. पेनिसिलामीन जेवणापासून अंतर ठेवून द्यावे लागते. उपचारांच्या आरंभी कंप वाढल्यास औषध परस्पर बंद न करता वैद्यास कळवावे. काही मनोविकारविरोधी औषधांनी या रोग्यांत ताठरपणा सहज वाढतो. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञास मूळ रोगाची माहिती असावी लागते.

तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणी, प्राण्यांचे यकृत, शिंपले, सुकामेवा व चॉकलेट हे निदान विशेषतः उपचारांच्या पहिल्या वर्षात वर्ज्य करतात. तांब्याचे पाणी आरोग्यदायी मानणाऱ्या घरात हे आवर्जून समजावून सांगावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावच्या कुटुंबाला विशेष तपासण्यांसाठी मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. दूरच्या प्रवासामुळे तपासणी व औषध यांत खंड पडू नये, म्हणून उपचारांची लेखी नोंद सोबत ठेवणे व औषधांचा पुरेसा साठा करणे उपयुक्त ठरते. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. परिचर्या करणाऱ्या आप्तांनाही विश्रांती व समुपदेशन यांची गरज असते. उपचार वेळीच सुरू होऊन नियमित चालल्यास बहुसंख्य रोगी शिक्षण, व्यवसाय व संसार यथास्थित करू शकतात.