फुकट ते पौष्टिक?

'सर, जरा ऑफिसात येता का? कॉम्प्युटर पैसे मागतोय.'

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील भाऊसाहेब हे अतिशय मितभाषी गृहस्थ. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी विनोद केल्याचे कुणालाच आठवत नाही. त्यामुळे २०१९ सालच्या जुलै महिन्यातील एका पावसाळी दुपारी वर्गाच्या दारात उभे राहून त्यांनी हे वाक्य उच्चारले, तेव्हा मुलांबरोबर मीही हसलो. कार्यालयात जाऊन पाहतो तो काय, हसू जागच्या जागी जिरले!

संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत एक पत्र झळकत होते. भाषा मोठी अदबीची. तुमच्या सर्व फायलींना आम्ही कुलूप घातले आहे. किल्ली हवी असल्यास ९८० डॉलर धाडावेत. ७२ तासांच्या आत धाडल्यास मात्र निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरांत, काम होईल. दिवाळीच्या सेलप्रमाणे दरोडेखोरांनीही सूट ठेवलेली! प्रत्येक फायलीच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटले होते आणि एकही फाइल उघडत नव्हती.

प्राचार्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, कागदावर हिशेब मांडला आणि म्हणाले, 'सुमारे चौतीस हजार रुपये होतात. आपल्या अंदाजपत्रकात खंडणी या शीर्षाखाली तरतूद नाही.'

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या रोगराईवर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण ज्याचे घर जळाले त्याला आगीविषयी बोलण्याचा थोडा तरी अधिकार असतो. शिवाय आमच्या बाबतीत काडी लावणारा मीच होतो.

माझा पराक्रम

आमच्या विभागाचे विद्यार्थी बारा वर्षे आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करीत होते. तीन हजारांच्या वर ओव्या झाल्या होत्या. काही ओव्या म्हाताऱ्या बायांच्या आवाजात मुद्रित केलेल्या होत्या. विभागाला स्वतंत्र संगणक नसल्यामुळे हे सारे धन कार्यालयाच्या संगणकात होते. मुलांच्या मूळ वह्या? त्या मीच रद्दीत घातल्या होत्या. 'आता सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे ना!' असे त्या वेळी मी मोठ्या रुबाबात म्हणाल्याचे भाऊसाहेबांना अजून आठवते.

हा मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकात होता. तो युनिकोडमध्ये आणावा म्हणून मी एका विकतच्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली, म्हणजे स्पष्ट बोलायचे तर चोरीची, प्रत इंटरनेटवरून उतरवून घेतली. तिच्यासोबतच्या सूचनेतले पहिलेच वाक्य होते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' आता, 'आधी कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही येतो,' असा निरोप कुणी धाडला तर आपण काय समजू? पण मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. मी अँटिव्हायरस बंद केला. सॉफ्टवेअर चढवले आणि तासाला निघून गेलो. तास संपायच्या आत भाऊसाहेब दारात हजर!

पाठीराखी प्रत होती, नाही असे नाही. ती एका पेनड्राइव्हवर होती आणि तो पेनड्राइव्ह कायम त्याच संगणकाला लावलेला असे, म्हणजे हाताशी असावा म्हणून. या खंडणीखोर प्रोग्रामांची रीत अशी की संगणकाला जे जे जोडलेले दिसेल, त्या सगळ्याला ते कुलूप घालतात. पेनड्राइव्हवरच्या ओव्यांनाही तेच शेपूट फुटले होते. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवल्यासारखे झाले.

मनाला सर्वांत लागले ते पुढेच आहे. युनिकोडमध्ये मराठी लिहिण्याची सोय त्या संगणकात विंडोजबरोबर आधीच आलेली होती. जुना टंक पालटून देणारी साधनेही राजरोस फुकट मिळत होती. जे प्रामाणिकपणे फुकट मिळत होते, ते मी चोरून फुकट मिळवायला गेलो!

घानातली वीज गेली म्हणून

दोन दिवसांनी भाऊसाहेब कपाटातून एक धुळकट फाइल घेऊन आले. २०१५ साली नॅकच्या समितीपुढे ठेवण्यासाठी तयार केलेली ती फाइल होती आणि तिच्या पाठीला पाकिटात एक सीडी चिकटवलेली होती. तिच्यात त्या सालापर्यंतच्या साऱ्या ओव्या होत्या. 'माझा त्या यंत्रावर विश्वास नव्हता सर,' एवढेच ते म्हणाले. त्यांच्या अविश्वासाने आठ वर्षांचे काम वाचले. चार वर्षांचे गेले. त्या चार वर्षांत एका आजीचा आवाज होता. ती आजी २०१८ साली वारली. तो आवाज आता कुठेच नाही.

पुढे वाचनात आले की, जगातल्या एका बलाढ्य कंपनीवरही असाच प्रसंग गुदरला होता. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा कारभार जगभर बंद पाडला. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. तिच्या जाळ्याचा नकाशा ज्यात असतो, ते मुख्य संगणक जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची नक्कल ठेवीत होते. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एकच, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका संगणकातील माहिती डिस्कवर घालून माणसाकरवी विमानाने आणावी लागली.

लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी हा किस्सा जरूर ध्यानात ठेवावा. जे जोडलेले नाही तेच वाचते. आमची सीडी काय, घानातला संगणक काय, तत्त्व एकच.

आठ हजार रुपयांत संरक्षण

प्राचार्यांनी पुढील वर्षासाठी 'संगणक सुरक्षा' या शीर्षाखाली आठ हजार रुपये मंजूर केले. एवढ्यात काय होणार, असे मला वाटले होते. पण जे केले त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसाच पडला नाही, पडली ती शिस्त.

सगळे पैसे दोन हार्ड डिस्कवर खर्च झाले. एका शुक्रवारी एक, दुसऱ्या शुक्रवारी दुसरी, अशा त्या आळीपाळीने जोडायच्या, प्रत काढायची आणि लगेच सोडवायच्या. एक ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात, दुसरी प्राचार्यांच्या खोलीत. कार्यालयात एकही नाही, कारण आग आणि पाणी यांनाही फायली वर्ज्य नाहीत. दर तीन महिन्यांनी प्रतीतल्या दोनचार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायच्या. उघडून न पाहिलेली प्रत आणि न चाखलेले लोणचे, दोहोंची खात्री देता येत नाही.

दुसरी गोष्ट फुकटची. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक जण संगणकाचा सर्वाधिकारी असे. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते चढवावे. आता रोजच्या कामाचे खाते साध्या अधिकारांचे आहे. नवे काही चढवायचे तर परवलीचा शब्द लागतो आणि तो फक्त भाऊसाहेबांना ठाऊक आहे. ते विचारतात, 'कशाला पाहिजे?' या दोन शब्दांनी किती व्हायरस रोखले असतील, देव जाणे.

तिसरी गोष्टही फुकटची, पण कंटाळवाणी. विंडोज वेळोवेळी दुरुस्त्या पाठवते आणि आपण 'उद्या' म्हणून त्या ढकलतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक पकडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती घेतली, त्यांच्या संगणकांवर ते भोक उरलेच नव्हते. हा प्रोग्राम एका नोंद नसलेल्या वेब-पत्त्याला हाक मारून पाहत असे. मार्कस हचिन्स या इंग्रज तरुणाने तो पत्ता दहा-अकरा डॉलरांत स्वतःच्या नावे नोंदवला, हाकेला ओ मिळाली आणि प्रोग्रामचा प्रसार थांबला. दहा डॉलरांत जग वाचवण्याचा योग सर्वांना येत नाही. पण 'उद्या' न म्हणणे सर्वांना जमण्याजोगे आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत. संगणकाला पेलत असेल तर विंडोज ११ घ्यावी. नसेल तर लिनक्स राजरोस फुकट आहे आणि पत्रे-तक्ते करायला लिबरऑफिसही. आमच्या ग्रंथालयातले दोन म्हातारे संगणक लिनक्सवर पुन्हा तरुण झाले आहेत.

आता अँटिव्हायरस. विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो आणि छोट्या कार्यालयाला बहुधा पुरतो. विकत घ्यायचा तर जरूर घ्यावा. एके काळी कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने पुण्यातच या धंद्यात मोठे नाव मिळवले. मात्र एका संगणकावर दोन पहारेकरी ठेवू नयेत. ते चोर सोडून एकमेकांनाच धरतात. आणि कुठलाही असो, कुणाच्याही सांगण्यावरून तो बंद करू नये. हे मी सांगतो आहे!

नको असलेली पत्रे

व्हायरसचा सख्खा भाऊ म्हणजे स्पॅम, अर्थात नको असलेली पत्रे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीचे संगणक खपवण्यासाठी सुमारे ४०० जणांना एकच पत्र धाडले. या वंशाचा तो मूळ पुरुष मानला जातो. ते पत्र नुसती जाहिरात होती. आजच्या पत्रांच्या पोटात सुरा असतो.

ही पत्रे गाळणारी चाळणी शब्दांवर चालते, हे कळल्यावर मला भाषेचा अध्यापक म्हणून मोठी गंमत वाटली. चांगल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात आणि वाईट पत्रांत किती, याचा हिशेब ठेवून ती नव्या पत्राचे गोत्र ओळखते. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या गणितावर ही युक्ती उभी आहे. म्हणून नको असलेले पत्र नुसते पुसू नये, 'स्पॅम' म्हणून खूण करावी. चाळणी आपल्या खुणांवरून शिकते. अशा पत्राला उत्तर मात्र कधीही देऊ नये. 'मला पत्रे पाठवू नका,' असे लिहिणे म्हणजे घरात माणूस आहे हे दारावर लिहिण्यासारखे आहे.

जे चाळणीतून सुटते, त्यासाठी आपले डोळे. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेले एक प्रेमपत्र जगभर फिरले. जोडलेल्या फायलीच्या नावात मजकुराचे चिन्ह दिसे, पण खरे शेपूट प्रोग्रामचे होते आणि ते विंडोजने झाकलेले असे. लाखो शहाण्या माणसांनी ते प्रेमपत्र उघडले. फायलींची शेपटे दिसू लागतील अशी व्यवस्था विंडोजमध्ये दोन मिनिटांत करता येते. ती प्रथम करावी. बिलाच्या नावाने आलेल्या फायलीचे शेपूट 'डॉट ईएक्सई' असेल, तर ते बिल नव्हे.

वेब-पत्ता वाचण्याची युक्ती तर आपल्या नावांसारखीच आहे. मराठी माणसाचे घराणे शेवटच्या आडनावावरून कळते. तसाच वेब-पत्त्याचा खरा मालक पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अगदी डावीकडे, शेवटी असतो. सुरुवातीला बँकेचे नाव आणि शेवटी भलतेच आडनाव दिसले, तर ते पाहुणे आपले नव्हेत. आणि पत्रात कुणी तातडीने पैसे भरायला सांगितले, तर पत्रातल्या क्रमांकावर न विचारता आपल्या जवळच्या जुन्या क्रमांकावर फोन करून विचारावे. एवढे करूनही पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. पैसा वाटेत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

दुसरी वही

आम्ही खंडणी भरली नाही. भरली असती तरी किल्ली मिळाली असतीच, असे नाही. डच पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. पकडलेल्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आमच्या कुलपाची किल्ली तेव्हा तिथे नव्हती. म्हणून कुलूपबंद फायली मी पुसलेल्या नाहीत. त्यांची डिस्क माझ्या कपाटात आहे. वर्षातून एकदा मी किल्ली आली का ते पाहतो. त्या आजीचा आवाज तिच्यात आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वह्यांची पूजा करतात. आमच्या कार्यालयात अशी प्रथा नव्हती. पण गेली काही वर्षे सुट्टी लागण्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊसाहेब दोन्ही डिस्क बाहेर काढतात, प्रत घेतात, दोनचार फायली उघडून पाहतात आणि मग त्यांच्यावर हळदकुंकू वाहतात. पहिल्या वर्षी मी हसलो होतो. आता मी नारळ आणतो.

यंदा तुमच्याही कार्यालयात सुट्टीपूर्वी अर्धा तास काढा. फार खर्च येत नाही. आणि झाल्यावर ती दुसरी वही संगणकापासून सोडवून ठेवायला तेवढे विसरू नका.