जड रिळाने मनगट हलकं होत नाही

रॉडला रीळ निवडताना दुकानात आणि किनाऱ्यावर एकच कसोटी सांगितली जाते. रीळ बसवा, मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट धरा. रॉड आडवा राहिला तर जोडी जमली, शेंडा खाली गेला तर आणखी जड रीळ घ्या. कोकणात खडकावरून किंवा खाडीकाठी जिताड्यासाठी तासन्‌तास गरवणारा माणूस या सल्ल्यापोटी शंभरेक ग्रॅम जास्तीचं वजन हातात घेतो. तोल महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण बोटावरची ही कसोटी जे मोजते, ते मनगटाला जाणवणारं ओझं नव्हे. स्पिनिंग रिळाच्या बाबतीत तर ती सरळ दिशाभूल करते.

कारण रिळाच्या जागेत आहे. स्पिनिंग रॉड धरताना रिळाचा पाय मधल्या बोटांमध्ये येतो आणि रीळ जवळजवळ तळहाताखालीच लोंबतं. जे वजन हाताखालीच आहे, ते शेंड्याला उचलणार कसं? समजा, सात फुटी रॉड १५० ग्रॅमचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य हाताच्या ४० सेंटिमीटर पुढे आहे. मनगटाला तो खाली पिळतो ६,००० ग्रॅम-सेंटिमीटर इतक्या जोराने. त्याला २५० ग्रॅमचं रीळ लावलं, तर संपूर्ण जोडीचा तोलबिंदू हाताच्या १५ सेंटिमीटर पुढे येतो. ३५० ग्रॅमचं लावलं तर १२ सेंटिमीटर. बोटावर धरून पाहिल्यास सुधारणा दिसते, पण मनगटावरचा पीळ ६,०००च राहतो. वर १०० ग्रॅम उचलावे लागतात ते वेगळेच. शिवाय हातापासून १८० सेंटिमीटरवरच्या शेंड्याला २० ग्रॅमचं आमिष लटकवलं की आणखी ३,६०० ची भर पडते. रिकाम्या रॉडवर घेतलेल्या कसोटीत ही भर येतच नाही.

यावर अनुभवी गरवणारे म्हणतील की मुठीच्या बुडाला वजन लावल्यावर हाताला फरक जाणवतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हाताच्या २५ सेंटिमीटर मागे लावलेले ५० ग्रॅम पिळातले १,२५० कमी करतात, कारण ते खरोखर हाताच्या मागे आहेत. फ्लाय रॉडचं रीळही हाताच्या मागे असतं, म्हणून तिथे रिळाने तोल साधण्याच्या सल्ल्याला अर्थ आहे. अर्थात पाच नंबरच्या फ्लाय लाइनचा पहिला नऊ मीटरचा भाग साधारण नऊ ग्रॅम भरतो, त्यामुळे लाइन बाहेर पडली की तोही तोल सरकतो. रॉड आडवा धरून सावकाश रीळ फिरवायचं असेल, तर बुडाचं वजन जरूर वापरावं.

फेक मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे रॉड झुलवून एकदम थांबवायचा असतो, आणि झुलणाऱ्या वस्तूचा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. शेंड्यावरचा एक ग्रॅम हातापासून १८ सेंटिमीटरवरच्या १०० ग्रॅमइतका विरोध करतो. मागे कितीही वजन वाढवलं तरी तो विरोध तसूभरही कमी होत नाही. रॉड फेकायला हलका हवा असेल तर शेंड्याकडच्या कड्या लहान आणि हलक्या हव्यात, आणि जागा परवानगी देत असेल तर लांबीही थोडी कमी चालेल. उंच खडकावरून लाटेपलीकडे फेकायचं तर लांब रॉडला पर्याय नाही. तिथे दोन्ही हातांनी फेकावं, एका मनगटाकडून तोल मागू नये.

तोल साधला की आमिष लांब जातं, हाही असाच एक समज. आमिष किती लांब जाईल, हे त्याचं वजन रॉडवर छापलेल्या मर्यादेत आहे का, लाइन किती बारीक आहे आणि स्पूल काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरलं आहे का, यांवर ठरतं. अर्धवट भरलेल्या स्पूलवरून निघणारी लाइन काठाला घासते आणि चांगली फेकही आखूड पडते.

म्हणून रॉड घेताना बोटाची कसोटी सोडा. लाइन भरलेलं रीळ बसवा, लाइन कड्यांतून ओवून नेहमीचं आमिष शेंड्याला लटकवा आणि आपण जिथे धरतो तिथेच धरून पाच मिनिटं रॉड आडवा ठेवा. मग मोकळ्या जागेत काही वेळा झुलवून थांबवून बघा. दोन रिळांची ताकद आणि लाइनची क्षमता सारखी असेल, तर त्यातलं हलकं रीळ घ्या.